सवाष्णीचं कपाळ

१

दसऱ्याला दोन दिवस राहिले असताना सेनगावच्या शिलाबाई सकाळी आरशासमोर उभ्या राहिल्या आणि किंचाळल्या. डावी पापणी अर्ध्यावर उतरली होती आणि काही केल्या वर जात नव्हती. त्याच बाजूला, नाकापासून ओठाकडे येणाऱ्या रेषेवर, बोराएवढी गाठ होती. ती काही दिवसांपासून होतीच, पण सूज आहे, उतरेल, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

दसऱ्याला हिंगोलीत त्यांच्या पक्षाचा मेळावा होता. जिल्हा परिषदेची जागा बायकांसाठी सुटली होती आणि स्टेजवर शिलाबाईंना हार घालायचं ठरलं होतं. फलकसुद्धा रंगवून झाले होते. दुपारपर्यंत सेनगावच्या बसस्टँडवर बातमी पोचली. कोणी म्हणालं लकवा मारला, कोणी म्हणालं नवरात्रात देवीनं डोळा धरला. लोकांना देवीचं जास्त आवडलं. संध्याकाळी पक्षातल्या मोठ्या मंडळींचा निरोप आला की ताईंनी या खेपेला आराम करावा.

त्यांचे यजमान वैजनाथराव रस्त्यांची कंत्राटं घेत. ते माणसं घेऊन हिंगोलीला आले आणि एका दवाखान्याच्या काचा फोडल्या. डॉक्टर नांदेडला होता. हाताला लागली ती तिथली नर्स, शिवकन्या. तिला त्यांनी दंडाला धरून माझ्या ठाण्यात आणून उभी केली.

मी किसनसिंग राठोड, त्या वेळी हिंगोलीत फौजदार होतो. माझा स्वभाव तापट आहे असं माझी बदली करणारा प्रत्येक साहेब लिहून गेला आहे, आणि त्यात खोटं काही नाही. पोरीच्या गालावर बोटं उठलेली पाहिली तेव्हा आधी वैजनाथरावांनाच आत टाकावं असं वाटलं. पण तक्रार त्यांची होती.

"सुईत विष भरलं हिनं," ते म्हणाले. "माझ्या बायकोनं हिला मागं एक थापड मारली व्हती, त्याचा बदला घेतला. दसरा झाला की कोर्टात उभी करा. न्हाईतर मी तुमच्या वरच्या साहेबाकडं जातो."

ते वरच्या साहेबांकडे आधीच जाऊन आले होते. फोन मला येऊन गेला होता. दसऱ्यापर्यंत दुसरं कोणी सापडलं नाही, तर या पोरीची नोकरी जाणार होती आणि ती तुरुंगात जाणार होती.

शिवकन्या कुरुंद्याची, हळदीची शेती करणाऱ्यांच्या घरातली. मी विचारलं, "थापडीचं खरं आहे का?"

"खरं हाय. थांबा म्हणले म्हणून मारली. पंधरा-वीस बाया बगत व्हत्या."

"आणि सुईचं?"

"मी काही केलं न्हाई साहेब." मग जे बोलायला नको तेच ती बोलली. "पण तिचा डोळा गेला ऐकून मला वाईट बी वाटलं न्हाई."

वैजनाथराव दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

२

डॉक्टर योगेश नांदेडहून आला तो घामाघूम होऊन. महिन्यातून एका रविवारी तो हिंगोलीत येई आणि बायकांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवून जाई.

"दोन वेगळी औषधं असतात," तो म्हणाला. "कपाळात आणि भुवयांच्या मध्ये बोटॉक्स. त्यानं तिथले स्नायू सैल पडतात, आठ्या पडत नाहीत. गालावरच्या रेषांत फिलर. ते जेलसारखं असतं, खळगा भरून काढतं. एकाच बैठकीत दोन्ही दिलं की चेहरा एकसारखा दिसतो. नाहीतर कपाळ पोरीचं आणि खालचं तोंड म्हातारीचं, असं होतं."

"मग रविवारी सुई मारली आणि डोळा इतक्या उशिरा कसा पडला?"

"बोटॉक्स हळूहळू चढतं. तीन-चार दिवस, कधी आठवडा. फिलर लगेच दिसतं."

मी भारनियमनाचा विषय काढला. हिंगोलीत तेव्हा वीज असण्यापेक्षा नसायचीच जास्त. फ्रिजमध्ये औषध नासलं असेल?

"नासलं तर निकामी होतं. आठ्या तशाच राहिल्या असत्या. पापणी पडली याचा अर्थ औषध चांगलं होतं आणि नको तिथं उतरलं." मग त्यानं घसा साफ केला. "बोटॉक्सची पावडर सलाइनमध्ये शिवकन्याच कालवते, साहेब. तिनं काय केलं असेल ते मी कसं सांगू?"

म्हणजे स्वतःची कातडी वाचवायला यानंही पोरीलाच पुढं केलं. मला त्याचा संताप आला, पण त्याच्या बोलण्यात एक दुवा होता. त्या रविवारी त्याच बाटलीतून आणखी कोणाला दिलं होतं का? दिलं होतं. पेट्रोल पंपवाल्यांच्या पंचफुलाबाईंना.

मी त्यांच्या घरी गेलो. बाई हसऱ्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, माझ्यावर जरा रागावून दाखवा."

त्यांनी खूप प्रयत्न केला. डोळे वटारले, ओठ दाबले, पण कपाळ जिथल्या तिथं. शेवटी स्वतःलाच हसू आलं. "आमचे मालक म्हणतात, आता तू भांडतेस का लाडात येतेस तेच कळत न्हाई."

दोन्ही पापण्या सरळ होत्या. म्हणजे बाटली चांगली, कालवणंही चांगलं. फिलर तर बंद सिरींजमध्ये येतं आणि ती डॉक्टरनंच फोडली होती. तरी शिलाबाईंची दोन्ही औषधं बिघडली होती, आणि दोन्ही डावीकडे, भुवईपासून गालापर्यंत एका ओळीत. डॉक्टरची सुई एखाद्या वेळी चुकू शकते. पण वरचं औषध खाली उतरतं आणि खालचं जागचं सरकतं, याला सुई पुरत नाही. याला हात लागतो.

मी ठाण्यात परतलो. "इंजेक्शन झाल्यावर तुम्ही काय सांगता पेशंटला?"

"आजचा दिवस तोंडाला हात लावायचा न्हाई," शिवकन्या पाठ केल्यासारखं म्हणाली. "चोळायचं न्हाई, दाबायचं न्हाई. चोळलं तर कपाळातलं औषध पापणीत उतरतं, गालातलं सरकतं. आमी हरेकीला सांगतो, न्हाईतर सोबत आलेल्याला."

"शिलाबाईंना सांगितलं?"

"सांगितलं."

मी तिच्यासमोरच सेनगावला फोन लावला. शिलाबाईंचा आवाज ठाम होता. "मला कुणीबी काही सांगितलं न्हाई. देवीची शपथ."

फोन ठेवला. दोघींपैकी एक खोटं बोलत होती, आणि मला तरी दोघीही खऱ्या वाटल्या.

३

सेनगावला शिलाबाई डाव्या डोळ्यावर पदर धरून बसल्या होत्या. चहा घेऊन त्यांच्या थोरल्या जाऊबाई आल्या. पांढुरकं लुगडं, मोकळं कपाळ.

"ठेवा तिथं, थोरल्या बाई, आन् जा," शिलाबाई म्हणाल्या. मीही कप घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"रविवारी इंजेक्शन घेऊन घरी आल्यावर काय काय झालं?"

"त्या दिवशी सवाष्णी जेवायला बोलावल्या व्हत्या. नवरात्राची पहिली माळ मागंच झाली व्हती. दात दाखवायला गेले म्हणून घरी सांगितलं. सुया टोचून घेते हे गावात कळलं असतं तर एका बाईनं तरी मत दिलं असतं का?"

"सवाष्णींनी तुमच्या तोंडाला हात लावला?"

"मळवट भरला. कपाळभर कुंकू. नको कसं म्हणू? सवाष्णीनं मळवटाला नको म्हणायचं?"

मला वाटलं, सापडलं. कपाळाला हात लागला, तोही रीतीनं, आणि तिला अडवता आला नाही. मळवट कोणी भरला ते विचारलं. तीन नावं आली: शेजारच्या नानीबाई, सोनाराची जिवनबाई आणि मास्तरांची मिराबाई. त्या दिवशी मी तिघींच्या ओसरीवर बसलो. तिघींना एकच प्रश्न विचारला आणि तिघींनी एकच उत्तर दिलं.

"मळवट चोळत न्हाईत साहेब," नानीबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या कपाळावर एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत बोट हलकेच ओढून दाखवलं. "असा भरायचा. लेकराला तीट लावल्यावानी."

इंजेक्शनाचं तिघींनाही ठाऊक नव्हतं. शिलाबाईंशी वैर कोणाचंच नव्हतं. उलट तिघींची पोरं वैजनाथरावांच्या कामावर होती. मी पुरता आपटलो होतो. उद्या दसरा होता आणि माझ्याकडे शिवकन्येशिवाय दुसरं नाव नव्हतं.

४

नानीबाई मला दारापर्यंत पोचवायला आल्या. कडी काढताना त्यांचा हात चौकटीवर आपटला आणि काचेची बांगडी खळकन तुकडे होऊन पडली.

"फुटली की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अमंगळ बोललो होतो. "सवाष्णीच्या बांगडीला फुटली म्हणू न्हाई साहेब. वाढली म्हणावं." त्यांनी तुकडे पदरात वेचले.

मी तांड्यावरचा माणूस. आमच्याकडची बोली वेगळी, गावातल्या घरांतले असले शब्द मला उशिरा उमगतात. जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली तरी ती "वाढली" डोक्यातून जाईना. बांगडी फुटते, पण फुटली म्हणायचं नाही. मग जे म्हणायचं नाही, ते मला कोणी सांगणार तरी कसं? मी दिवसभर विचारत फिरलो होतो, मळवट भरला कोणी. भरल्याचं सगळ्यांनी आनंदानं सांगितलं. पण तो मळवट कपाळावर राहिला नव्हता. तो निघाला होता, आणि ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायला जे शब्द लागतात ते या घरांत फक्त नवरा मेल्यावर उच्चारतात.

मी ड्रायव्हरला जीप वळवायला सांगितली.

नानीबाई अंगणातच होत्या. मी शब्द जपून निवडले. "मावशी, मळवट भरला. मग नंतर शिलाबाईंचं कपाळ कोणी आवरलं?"

त्यांचा चेहरा उतरला. "काहून विचारता?"

"एक पोरगी जेलात जायची आहे म्हणून."

"आपल्या हातानं कुणी आपलं… तसलं करत न्हाई. आन् सवाष्ण सवाष्णीच्या कपाळाला तसा हात लावत न्हाई. कुंकू घामानं डोळ्यात उतरू लागलं, म्हणून शिलानं हाक मारली. तेलाची वाटी घेऊन ये म्हणली."

"कोणाला?"

शेजारच्या घराच्या स्वयंपाकघराकडे नानीबाईंनी फक्त हनुवटी वळवली. ज्या बाईच्या हातून मी सकाळी चहाचा कप घेतला होता, तिला दिवसभरात एक प्रश्नही विचारला नव्हता. सवाष्णींच्या जेवणात विधवा बाईचं काय काम, असं मीही धरून चाललो होतो.

५

संध्याकाळी मी शिवकन्येला जीपमधून सेनगावला आणलं. माजघरात शिलाबाई, वैजनाथराव आणि नानीबाई बसले होते. थोरल्या जाऊबाई, पार्वतीबाई, चूल विझवून दाराशी उभ्या होत्या.

मी शिवकन्येला विचारलं, "तोंड चोळायचं नाही हे तू कोणाला सांगितलंस?"

"बाईंचं तोंड बधिर व्हतं, डोळ्यावर बर्फ ठेवला व्हता. म्हणून सोबतच्या बाईंना सांगितलं." तिनं बोट केलं. "यांना."

शिलाबाईंनी पदर सोडला. वाकडा डोळा, त्याखाली गाठ, आणि तशाच त्या जाऊबाईंकडे पाहत राहिल्या. "थोरल्या बाई, तुमी मला काहीच बोलल्या न्हाईत."

"न्हाई बोलले," पार्वतीबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "जीपमधी सगळ्या वाटंनं डोक्यात तेच घोळत व्हतं. चोळलं की डोळ्यात उतरतं. मग तूच हाक मारलीस, कुंकू काढ म्हणून. तुझं तोंड बधिरच व्हतं, तुला जोर कळला न्हाई. पहिले भुवईवरून दाबलं, मग गालावरून. तेल लई व्हतं, हात चांगला सरकला."

"तुमाला पोसलं मी इतकी वर्षं."

"पोसलं. मी रांधलेलं मलाच वाढलं."

वैजनाथराव उठले. त्यांचा हात वर गेला तसा मीही उठलो. पण पार्वतीबाई मागं सरकल्या नाहीत. त्या दिराकडे वळल्या.

"भाऊजी, यंदा पितराच्या जेवणाला तुमी काय म्हणले आठवतं? पान वाढताना म्हणले, वहिनी, दादानं शेवटच्या रातीला सारखं तुमचं नाव घेतलं, पर तुमी शुद्धीत नव्हत्या, तुमाला आणता आलं न्हाई."

"मग? खरंच हाय ते."

"मी कवाच बेशुद्ध नव्हते."

वैजनाथरावांचा हात खाली आला. ते माझ्याकडे वळून, पण खरं तर स्वतःशीच बोलू लागले. दगडोबा त्यांचा थोरला भाऊ. ट्रॅक्टर उलटून जखमी झालेल्या भावाला घेऊन ते नांदेडच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि मग संध्याकाळी भावानं डोळे उघडले. बायकोला आणा म्हणाला. वैजनाथरावांनी घरी फोन केला. फोन शिलाबाईंनी उचलला.

"तू म्हणलीस, वहिनी बेशुद्ध पडल्यात, हलवता येत न्हाई," ते बायकोला म्हणाले. "तू म्हणलीस."

"त्यांना नांदेडला सोडून आलेल्या जीपवाल्यानं सांगितलं, गेले म्हणून," शिलाबाई घाईनं बोलू लागल्या. "साऱ्या गावानं ऐकलं. बाया जमल्या. मी त्यांचं कपाळ… जे करायचं ते केलं. त्याच्यानंतर तुमचा फोन आला. मोकळं कपाळ घेऊन जित्या नवऱ्यापुढं कशी न्यायची? लोक काय म्हणले असते? ते तर जाणारच व्हते."

"पुन्हा लावायचं व्हतं," पार्वतीबाई म्हणाल्या. "चिमूटभर. करंडा भरलेला व्हता घरात."

नानीबाईंनी तोंडात पदर कोंबला. त्या दिवशी जमलेल्या बायकांत त्याही असाव्यात.

"रातभर जिता व्हता माझा मालक. मला हाका मारून राहिला व्हता. आन् मी इथं बांगड्या वाढवून कोपऱ्यात बसले व्हते, त्याच्या नावानं रडत. सकाळी गेला तवा माझं रडून झालं व्हतं. लोक म्हणले, बाई दगडाची हाय, प्रेत आलं तर रडली बी न्हाई. इतकी वर्षं मला बी वाटलं, आपल्याला रडू काहून आलं न्हाई. यंदा पितराला कळलं."

६

शिलाबाई रडल्या. उजव्या डोळ्यातून पाणी आलं, डाव्यातूनही आलं. पण त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली नाही. पश्चात्ताप होता की राग होता की नुसती भीती, बघणाऱ्याला काही कळत नव्हतं. त्या बाबतीत डॉक्टरचं काम चोख झालं होतं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "साहेब, लिहून घ्या. हिनं माझा डोळा पाडला. मला हिच्यावर केस करायची."

"लिवा," पार्वतीबाई म्हणाल्या. "मी कबूल हाय. कोर्टात विचारतील काहून केलं, तवा मी सगळं सांगन. कपाळ कवा पुसलं आन् मालक कवा गेला. भाऊजी साक्षीला हायेत."

पुसलं. त्या घरात दिवसभर कोणाच्या जिभेवर न आलेला शब्द त्या बाईनं सरळ उच्चारला. मी वैजनाथरावांकडे पाहिलं. हा माणूस काचा फोडत आला होता.

"माझी तक्रार न्हाई," ते म्हणाले. "त्या पोरीवर न्हाई, वहिनीवर न्हाई. आन् शिला, तू बी करणार न्हाईस."

"माझा डोळा—"

"माझ्या दादानं दाराकडं बघत डोळे मिटले," ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. पुढंही फारसं पाहिलं नाही, असं सेनगावचे लोक मला नंतर सांगत.

कायद्यानं बघायचं तर मी त्या बाईवर गुन्हा लिहायला हवा होता. शिलाबाई गप्प राहिल्या, तक्रारदार उरला नाही, आणि मी जास्त खोदलं नाही. खोदायची इच्छाही नव्हती. बदली झाली तेव्हा साहेबांनी माझ्याबद्दल जे काही लिहिलं, त्यात हे नव्हतं.

पार्वतीबाई शिवकन्येपाशी गेल्या. "तुझ्यावर येईल असं वाटलं न्हाई ग लेकरा. डागदरवर जाईल म्हणलं. उद्या मी ठाण्यात येणारच व्हते."

"उद्या," शिवकन्या म्हणाली. गालावरचे वळ अजून गेले नव्हते. "माझी कालची रात ठाण्यात गेली, मावशी. तुमाला एका रातीचं ठाऊक असंल की, किती मोठी असते."

पार्वतीबाईंनी मान खाली घातली. शिवकन्या जीपमध्ये जाऊन बसली.

मी निघालो तेव्हा पार्वतीबाई दाराशी आल्या. चौकटीला दसऱ्याचं तोरण आधीच बांधलेलं होतं. आत शिलाबाई आरशासमोर बसलेल्या दिसत होत्या.

"साहेब, ती पापणी आपोआप वर जाती म्हणतात. खरं हाय का?"

"खरं आहे. औषध उतरलं की जाते. दोन-तीन महिने लागतील."

त्यांनी आत पाहिलं. शिलाबाई बोटानं पापणी वर धरत होत्या आणि सोडली की ती पुन्हा खाली येत होती.

"जाऊ द्या वर," पार्वतीबाई म्हणाल्या. "तवर रोज सकाळी आरशात ती मलाच बगंल."